जुन्या ट्रॅक्टरला मोठे इंजिन : आधी हिशेब मांडू



पऱ्हाटी उपटून झाली की मिस्त्रीच्या शेडपुढे जुने ट्रॅक्टर उभे राहतात. पस्तीस हॉर्सपॉवरचे इंजिन काढा, पन्नासचे बसवा, मग नांगर अडणार नाही, असे आपल्याला सांगितले जाते. त्यासाठी कर्ज काढण्याआधी आपण हिशेब मांडू.

नांगर ओढतात ती मागची चाके, आणि चाकांची पकड वजनावर असते. समजा, ट्रॅक्टर 1,800 किलोचा आहे आणि त्यातला 1,200 किलो भार मागच्या चाकांवर आहे. भुसभुशीत काळ्या रानात त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे 600 किलो ओढ मिळते. ताशी 5 किलोमीटरने ती ओढायला 600 गुणिले 5 भागिले 270, अकरा हॉर्सपॉवर लागतात. गिअरमध्ये आणि चाक घसरण्यात जाते ते धरले तरी पस्तीसमध्ये भागते. पन्नासचे बसवले तरी ओढ 600 किलोच! वेग वाढवता येईल, पण वेगाबरोबर नांगराची ओढही वाढते. मग चाक जागच्या जागी फिरते, आणि टायर व डिझेल आपल्या खिशातून जाते.

शिवाय क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन हे सगळे पस्तीसच्या पिळासाठी घडवलेले. आधी क्लच प्लेट जळणार, मग दात तुटणार. ब्रेक तर जुनेच.

ज्वारीच्या थ्रेशरची गोष्ट वेगळी. तिथे चाकांच्या पकडीचा प्रश्न नाही, जास्त ताकद कामी येते. पण मळणीचे दिवस वर्षात किती?

म्हणून आम्ही म्हणतो, आहे ते इंजिन पस्तीस देते का, ते आधी बघा. एअर फिल्टर, नोझल, पंप तपासा; कॉम्प्रेशन गेले असेल तर बोअर करून पिस्टन-रिंगा बदला. पकड कमी पडत असेल तर मागच्या टायरांत पाणी भरा, प्रत्येकी दीडशेक लिटर मावते. मात्र वाफसा येण्याआधी हा जड ट्रॅक्टर रानात घालू नका. खालची माती दबली की कपाशीचे सोटमूळ तिथेच अडते.

एवढे करूनही इंजिन बदलायचेच असेल, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे. आरटीओची परवानगी घ्या, नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्या. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. आणि हे इंजिन कुठल्या गाडीचे, त्याची पावती मिस्त्रीकडे पैसे देण्याआधी मागा.