रिकामं आहे, मला माहीत आहे!

(आपल्या गणेशोत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला उभं राहायची मला सवय नाही. कारखान्यात मोजमाप विभागात तीस वर्षं काढली, तिथे गेज बोलतं आणि आपण लिहून घेतो. पण कार्यवाह म्हणाले, "तुमच्याकडे पिस्तूल आहे हे सगळ्या वसाहतीला माहीत आहे. कशासाठी आहे हे कोणालाच माहीत नाही. तेवढं सांगा." म्हणून उभा आहे.

आपण मध्य प्रदेशात राहतो. इथे बंदूक म्हटलं की लोकांना ग्वाल्हेर-भिंड आठवतं, लग्नाची वरात आठवते. माझ्याकडचं पिस्तूल वरातीत नेलं तर वऱ्हाडी हसतील. त्याची मूठ लाकडाची, माझ्या पंजाच्या मापाने कानशीने घासलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात ते नीट बसतही नाही. एका वेळी एकच छर्रा भरायचा, तोही अर्ध्या ग्रॅमचा. चोर आला तर मी छर्रा शोधून भरेपर्यंत तो चहा पिऊन जाईल.

खेळ सांगतो. दहा मीटरवर कागद. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. उभं राहून, एका हाताने, टेका न घेता साठ नेम मारायचे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर वेळ पंचाहत्तर मिनिटं. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत हवं आणि चाप पाचशे ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. सामन्याआधी वजन लटकवून तपासतात. आता मोजमापवाल्याची गंमत बघा. पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण पस्तीस सेंटिमीटर अंतर. माशी खाचेत एकच मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा अठ्ठावीस मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा सात झाला! म्हणून नजर लक्ष्यावर ठेवायचीच नाही, माशीवर ठेवायची. लक्ष्य धूसर दिसलं तर समजायचं की ठीक चाललंय. हे कळायला मला दोन वर्षं लागली. नेम धरण्याला आपल्या भाषेत 'शिस्त धरणं' असंही म्हणतात, ते उगाच नाही.

२००८ साली अभिनव बिंद्राला बीजिंगला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा मी अडतिसाव्या वर्षी होतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिकला जगज्जेत्या झाल्या, तोवर मी रेंजवर जायला लागलो होतो. एका ज्येष्ठ नेमबाजाकडून वापरलेलं एअर पिस्तूल रीतसर कागद करून घेतलं. आज नवीन परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, तेव्हाही पगारदाराला ते झेपणारं नव्हतंच. साडेचार मिलिमीटरच्या नळीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. आणि घात तिथेच होतो, कारण परवाना नाही म्हटल्यावर माणूस त्याला खेळणं समजतो. मीही समजलो.

आता जे सांगणार आहे ते आजवर घराबाहेर सांगितलेलं नाही.

२०११ चे गणपती होते. संध्याकाळची वेळ. मी घरी कोरा सराव करत होतो, म्हणजे भिंतीवर काळा ठिपका चिकटवायचा आणि छर्रा न भरता नुसता चाप ओढायचा. त्या दिवशी छर्ऱ्यांचा नवीन डबा आला होता. छर्रा नळीत कसा बसतो बघावं म्हणून एक भरून पाहिला. इतक्यात दारावर शेजारच्या वहिनी आरतीचा प्रसाद घेऊन आल्या. पिस्तूल टेबलावर ठेवलं, दार उघडलं, पाच मिनिटं गप्पा झाल्या. परत आलो, पिस्तूल उचललं, शिस्त धरली आणि चाप ओढला.

फट्!

ठिपक्याशेजारी आमचं कालनिर्णय टांगलेलं होतं. त्याच्या मंगळवारात भोक पडलं होतं. त्याच्या बरोबर खाली आईची खुर्ची. आई तिथे वाटाणे सोलत बसली होती आणि प्रसादाची वाटी स्वयंपाकघरात ठेवायला नुकतीच उठली होती. छर्रा गिलाव्यावर चपटा होऊन तिच्या सुपात पडला, हिरव्या दाण्यांत.

एकूण चुका तीन. छर्रा भरलेला होता. हवेचं सिलिंडर काढून ठेवायला हवं होतं, ते लावलेलंच होतं. आणि माणूस बसतो त्या भिंतीकडे मी नळी धरली होती. कारखान्यात कामगाराने अशा तीन चुका केल्या असत्या तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं.

आई बाहेर आली. तिने सूप बघितलं, कालनिर्णय बघितलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "रिकामं आहे हे तुला माहीत होतं ना?"

महिनाभर मी पिस्तुलाला हात लावला नाही. विकून टाकायचं ठरवलं होतं. शेवटी रेंजवरच्या प्रशिक्षकांना जाऊन सगळं सांगितलं. वाटलं धीर देतील. त्यांनी पंधरा दिवस मला एकही छर्रा मारू दिला नाही. पेटी उघडायची, नळी समोर, नळीचं तोंड उघडून स्वतः बघायचं, शेजाऱ्याला दाखवायचं, नळीत नारिंगी दोरी घालायची, खाली ठेवायचं. परत उचलायचं, पुन्हा तेच. ही दोरी म्हणजे सेफ्टी फ्लॅग, सामन्यांत ती नियमानेच लागते. दोरी दोन्हीकडून दिसते याचा अर्थ नळीत काही नाही. डोळ्यांना दिसलं पाहिजे, 'मला माहीत आहे' चालत नाही.

घरी सौ.ने अट घातली, पेटीची किल्ली तिच्याकडे. मी मान्य केलं. पुढे २०१३ मध्ये पंचवीस मीटरसाठी पॉइंट टू-टूचं पिस्तूल घ्यायचं ठरलं तेव्हा मात्र हीच अट अडली. ते परवान्याचं शस्त्र, आणि परवान्याचं शस्त्र परवाना नसलेल्याच्या ताब्यात देता येत नाही, मग ती बायको का असेना! किल्ली माझ्याकडेच राहणार होती. चार दिवस घरात अबोला होता. शेवटी आईने मध्यस्थी केली. म्हणाली, "ते भोक अजून तिथेच आहे, त्याला रोज दिसतंय." म्हणजे तिने ते कालनिर्णय काढूच दिलं नव्हतं. पुढच्या वर्षीचं त्याच्या शेजारी लावलं होतं.

परवान्याची कथा थोडक्यात सांगतो. अर्ज, पोलीस चौकशी, रायफल असोसिएशनचं पत्र, फोटो, पुन्हा फोटो. एका कचेरीत माझी फाइल चार महिने सापडत नव्हती, नंतर ती खुर्चीची उंची वाढवण्यासाठी वापरलेली सापडली. चौकशीला आलेल्या हवालदारसाहेबांनी विचारलं, "दुश्मनी किससे है?" मी म्हटलं, नऊ नंबरशी, दहा येत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. परवान्याची मुदत तेव्हा तीन वर्षं असायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच झाली. त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे.

आपल्या तरुणांनी मनू भाकरची पदकं पाहिली, पॅरिसला २०२४ मध्ये दोन कांस्य. मला मात्र तिची टोकियोची फेरी जास्त आठवते. २०२१ चा जुलै, ऐन सामन्यात पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. हे घडतं म्हणून आम्ही मंडळी रविवारची सकाळ पिस्तूल पुसण्यात घालवतो. सिलिंडरवरची तारीखही बघतो, कारण त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात आणि आत दोनशे बार दाब असतो. प्रेशर व्हेसलवाले इथे बसलेत, त्यांना दोनशे बार म्हणजे काय हे सांगायला नको.

गेल्या आठवड्यात मंडपात दोन मुलं मला म्हणाली, "काका, लायसन्स काढायला मदत करा, सेफ्टीसाठी हवंय." त्यांना मी नाही म्हटलं. घराच्या सुरक्षेसाठी चांगलं कुलूप घ्या. नेमबाजी शिकायची असेल तर रविवारी सकाळी सात वाजता रेंजवर या. सपाट तळाचे बूट घाला, आदल्या रात्री झोप काढा, विकत काही घेऊ नका. पहिले पंधरा दिवस दोरी घालायची आणि काढायची, एवढंच काम मिळेल. आई आता नाही, पण ते कालनिर्णय भिंतीवर आहे. कोणाला बघायचं असेल तर आरतीनंतर घरी या, चहा होईल.