तर्कविदुषी प्रोफेसर सुसान स्टेबिंग
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आज आम्ही एका परदेशीय विदुषीचा परिचय करून देणार आहोत. आपल्या ज्ञातीशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही. परंतु त्यांच्या व्यासंगाचा विषय प्रत्येक ज्ञातिसभेच्या दारात उभा आहे. ‘आम्ही विचार करून ठरविले’ असे मनुष्य म्हणतो, तेव्हा त्याने खरोखर विचार केलेला असतो काय, हा तो विषय होय.

सुसान स्टेबिंग यांचा जन्म १८८५ साली लंडनमधील. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या इतिहास शिकण्यास गेल्या. तेथे ब्रॅडले या तत्त्वज्ञाचा एक ग्रंथ सहज हाती आला आणि इतिहास मागे पडला. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांस पदवी देत नसे. तो अधिकार १९४८ साली मिळाला, आणि बाई तर १९४३ सालीच निवर्तल्या होत्या. एम्. ए. ची पदवी त्यांनी १९१२ साली लंडन विद्यापीठाकडून मिळविली. पुढे लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात अध्यापन करीत १९३३ मध्ये त्या प्रोफेसर झाल्या. ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञानाचे प्रोफेसरपद मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

तर्कशास्त्रावरील त्यांचा १९३० सालचा मोठा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी आहे. आम्हां मॅट्रिकवाल्यांस तो झेपणारा नव्हे. ‘थिंकिंग टु सम पर्पज’ हे १९३९ सालचे पुस्तक मात्र त्यांनी सामान्य नागरिकांसाठी लिहिले. त्यात पुढाऱ्यांची भाषणे व वर्तमानपत्री मजकूर घेऊन त्यांतील खोट उलगडून दाखविली आहे. डबाबंद मांस खावयास सोयीचे, पण त्यातील जीवनसत्त्व गेलेले. घोषवाक्यांत कोंबलेला विचारही तसाच, ही त्यांची उपमा. भावनेचा मात्र त्यांनी धिक्कार केला नाही. विचारास प्रवृत्त करते ती भावनाच. ती पुराव्याच्या आसनावर जाऊन बसली की घात होतो.

आता आपल्याकडे पाहा. आपला मनुष्य पैसा जपतो तो काटकसरी. परज्ञातीय जपतो तो चिकट! ‘त्या गावची माणसे तसलीच’ एवढ्या एका वाक्यावर मुलींची चांगली चांगली स्थळे मोडतात. पुरावा मागितला, तर फार झाले तर एका घराचे नाव निघते, आणि तेही पंचवीस वर्षांपूर्वीचे. त्या मुलीस मात्र कोणी काही विचारीत नाही.

हे पुस्तक २०२२ साली पुन्हा छापून निघाले आहे. मंडळाच्या वाचनालयासाठी आम्ही एक प्रत आणविली आहे. ती प्रथम वधूवर-समितीच्या सभासदांनी न्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.