पेटीवाले गोविंदराव



मित्रमैत्रिणींनो, संमेलनातला बक्षीस समारंभ आटोपला, आता तुमचे कान पडद्यामागच्या ढोलकीकडे लागलेत. म्हणून मी एकाच माणसाविषयी बोलणार आहे.

२०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट आला. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. तो ज्या नाटकावर बेतलाय, ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीनं १९११ मध्ये रंगभूमीवर आणलं. त्यातल्या पदांना चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते, आणि लोक त्यांना ओळखत ते पेटीवादक म्हणून.

गोविंदरावांचा जन्म १८८१ चा. वाढले कोल्हापुरात. पेटी बहुतांशी आपली आपणच शिकले. पण कान मात्र त्यांनी भल्याभल्यांच्या सहवासात तयार केला. कोल्हापूरच्या देवल क्लबात बैठका ऐकल्या, पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाची साथ केली. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांच्यापुढे बसून त्यांनी रीतसर तालीम घेतली नाही, तरीही ते खाँसाहेबांना गुरू मानत. नुसत्या श्रवणातून इतकं मिळवता येतं, हे मला या माणसाकडे पाहून पटलं.

पेटी हे वाद्य मुळात पॅरिसचं. १८४२ मध्ये देबँ नावाच्या कारागिरानं त्याचं पेटंट घेतलं. त्याचा भाता पायानं चालवायचा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तो हातानं चालवण्याजोगा केला, आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयाशेजारी पेटीला जागा मिळाली. पण तिची एक मोठी अडचण होती, आजही आहे. गवई गंधारावरून ऋषभावर घसरत येतो, तेव्हा मधली सगळी वाट त्याच्या गळ्यात असते. पेटीत पट्ट्यांच्या मधे काही नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची. मग चांगला वादक काय करतो? पहिली पट्टी किंचित उशिरा सोडतो, दुसरी हलकेच दाबतो, त्या क्षणी भात्यावरचा हात सैल करतो आणि जाता जाता शेजारच्या सुराचा कण लावतो. ही घसरण, म्हणजे मींड, खरी निघत नाही, पण ऐकणाऱ्याला ती भासते. पियानोवादक असो की कोल्हापूरचा पेटीवाला, दोघांसमोर बाराच ठरलेले सूर, आणि गाणं त्यांच्यातूनच काढायचं!

साथीला बसलेल्या माणसाला गवयाच्या मनात पुढे काय आहे, याचा अंदाज सतत घ्यावा लागतो. मला वाटतं, ‘मानापमान’च्या चाली या सवयीतून आल्या. ठुमरी, कजरी, दादरा या पूरब बाजाच्या गाण्यांचा गोविंदरावांना नाद होता. तो ढंग त्यांनी मराठी पदांत असा मुरवला की प्रेक्षकांना तो परका वाटलाच नाही. नायिका भामिनीच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व होते, त्यांच्या गळ्यातून या चाली महाराष्ट्रभर गेल्या. शतक उलटलं तरी नाट्यसंगीताची मैफल त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गोविंदरावांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. नंतर ‘शिवराज’ ही स्वतःची नाटक कंपनी चालवली, रंगभूमीवर नट म्हणून गाजले. १९३२ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, तारामती दुर्गा खोटे यांची, आणि हरिश्चंद्र झाले गोविंदराव. संगीतही त्यांचंच. बोलपटाचं संगीत कसं असावं, हे सांगायला मराठीत त्यांच्याआधी कुणी नव्हतं. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचं पुस्तक जरूर वाचा.

त्यांच्या पेटीची उपेक्षाही कमी झाली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये उठू लागली. म्हणजे १९५५ मध्ये गोविंदराव गेले, तेव्हाही रेडिओला त्यांचं वाद्य चालत नव्हतं. मला याचं आजही वाईट वाटतं. पण पेटी टिकली, ती वाजवणाऱ्यांमुळे. आणि त्यातले एक थोर वादक आपल्या शेजारचे. जालन्याकडचे पंडित आप्पा जळगावकर. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर अशा दिग्गजांना त्यांनी साथ केली. संगीत नाटक अकादमीनं त्यांचा गौरव केला. मराठवाड्यातल्या मुलांना हे नाव पाठ असायला हवं.

आता एक मागणं. आज तुमची गाणी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होणार आहेत. तुम्ही कसून तालमी केल्यात, ती छानच होतील. पण ट्रॅक तुमचं ऐकत नाही. तुम्ही थांबलात तरी तो थांबत नाही. प्राचार्यांना माझी विनंती आहे, पुढच्या संमेलनात निदान एका गाण्याला आपल्याच विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी पेटीवर बसू द्या. शहरातल्या संत एकनाथ रंगमंदिरात किंवा तापडिया नाट्यमंदिरात मैफल असेल, तेव्हा मुलांना घेऊन जा, पेटीवाला दिसेल अशा बाजूला बसवा. आणि ज्यांना पेटी शिकायची आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावं. सुरुवातीला लागणारी पेटी मी देतो.