काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचे भय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मी भयपटांवर बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण त्याला कारण घडले आहे. गेल्या सुट्टीत मी माझ्या भाच्याला १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा चित्रपट दाखवला. दहा मिनिटांतच तो कंटाळून म्हणाला, ‘‘मामू, यात रंग नाहीत, संगीत नाही. घाबरायचे तरी कुठे?’’ मी म्हटले, ‘‘घाबरू नकोस, नुसते नीट बघ.’’ तेच आज आपल्यालाही सांगायचे आहे.

मूळ कथा मेरी शेली या इंग्रज लेखिकेची. १८१६ साली तिने ती लिहायला घेतली तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. येथे बसलेल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे. पुस्तक १८१८ साली प्रसिद्ध झाले. एक शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून एक जीव घडवतो, अशी ती कथा. फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचे नाव, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ते त्याला घडवणाऱ्याचे नाव आहे. त्या बिचाऱ्याला नावच नाही.

जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सुमारे ७० मिनिटांचा आहे. राक्षसाची भूमिका बोरिस कार्लॉफ यांनी केली. पण सुरुवातीच्या नामावलीत त्यांच्या नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह आहे. जॅक पिअर्स यांनी त्यांच्या चेहऱ्याला हिरवट रंग लावला होता. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तो रंग मृताच्या कातडीसारखा फिका दिसतो. रंग नसणे ही त्या काळची अडचण खरी, पण या लोकांनी तिचेच सामर्थ्य केले. अर्धा चेहरा अंधारात ठेवला की उरलेला आपले मनच पुरा करते. पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. त्यामुळे जिन्यावरचे पाऊल ऐकूनही छाती धडधडते.

राक्षस प्रथम खोलीत येतो तो पाठमोरा. सावकाश वळतो, आणि कॅमेरा टप्प्याटप्प्याने त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. येथपर्यंत आपण घाबरतो. मग शास्त्रज्ञ छताची खिडकी उघडतो. वरून उजेड पडतो आणि तो जीव दोन्ही हात वर करून उजेड धरू पाहतो, अगदी लहान बाळासारखा. खिडकी बंद होते, आणि तो रिकामे हात पुढे करून काही मागत राहतो. त्यानंतर त्याच्या वाट्याला काय येते? साखळदंड, चाबूक आणि जळती मशाल. जन्म मिळाला, शिकवण मिळाली नाही.

पुढे तळ्याकाठी एक छोटी मुलगी त्याला न घाबरता आपल्या खेळात घेते. दोघे पाण्यात फुले टाकतात, फुले तरंगतात. फुले संपल्यावर तीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते, आणि तो घाबरून पळतो. सेन्सॉरने हा भाग कापला. मग प्रेक्षकांना दिसले ते एवढेच : राक्षसाचे पुढे आलेले हात आणि नंतर बापाच्या हातातील मुलीचे प्रेत. लोकांनी मनाने त्याहून भयंकर काहीतरी जुळवून घेतले. १९८० च्या दशकात तो तुकडा पुन्हा जोडला गेला, तेव्हा कुठे त्याचे अज्ञान उघड झाले. अर्धे पाहून कोणाचा निवाडा करू नये, हे यापेक्षा चांगले कोणते पुस्तक शिकवील?

१९३५ साली याच दिग्दर्शकाने पुढचा भाग काढला. त्यात रानातला एक अंध वृद्ध त्या राक्षसाला घरात घेतो, भाकर देतो, व्हायोलिन ऐकवतो आणि शब्द शिकवतो. ‘मित्र’ हा त्यातलाच एक शब्द. ज्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, तोच त्याचा पहिला गुरू झाला. डोळस माणसे आली ती बंदूक घेऊन.

पालकहो, असे चित्रपट मुलांसोबत बसून पाहा. खोलीत अंधार करा, मोबाईल दूर ठेवा आणि मधूनच सोडू नका. अगदी लहानग्यांना मात्र दाखवू नका. मुलांना खाऊपिऊ घातले, फी भरली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. मुलाच्या चुकीवर हात उगारण्याआधी, ही गोष्ट आपण त्याला कधी समजावली होती का, एवढे स्वतःला विचारावे.

माझा भाचा शेवटपर्यंत बसला. संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामू, त्याला कोणी नाव का नाही ठेवले?’’

त्या प्रश्नासाठीच मी त्याला बसवले होते.