आई घर सोडते तेव्हा
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



माझ्या परसात सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. फाल्गुन-चैत्रात आळीत माश्यांचा थवा उठला की सगळ्यांच्या छातीत धडकी भरते. म्हणून मंडळाने मला त्याविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे.

थवा उठतो तो रागाने नव्हे. फुलोरा भरपूर असतो, पेटीत माश्यांची दाटी होते, तेव्हा एका घराची दोन घरे होतात. आपल्याकडे लेक माहेर सोडून जाते. माश्यांत उलटे आहे. तेथे जुनी राणी, म्हणजे आई, निम्म्या-अधिक कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते, आणि मधाने भरलेले घर लेकीसाठी ठेवून जाते.

निघताना माश्या पोटभर मध घेतात. फांदीला लोंबकळणाऱ्या त्या घोसात ना पोळे असते, ना पिल्ले. राखायचे असे काही नसल्यामुळे त्या सहसा डंख करीत नाहीत. मग तेथे त्या थांबतात कशाला? तर घर शोधायला. १९५५ साली मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. युरोपातल्या माश्यांच्या थव्यावर काही माश्या काजळीने, विटांच्या भुकटीने माखून येऊन नाचत. त्या जागा पाहून आलेल्या होत्या. नाचून त्या जागेची दिशा आणि अंतर सांगत, इतरजणी जाऊन खात्री करून येत, आणि बहुतेकींचे एकमत झाले म्हणजे थवा उठे. राणी हुकूम सोडीत नाही. आपल्या मंडळाची सभाच म्हणा ना!

पेटी पाळणारीला याची चाहूल आधी लागते. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे लोंबू लागतात. अंड्यापासून नवी राणी बाहेर यायला सुमारे १६ दिवस लागतात, पण राणीघराचे तोंड बंद झाले की आई केव्हाही निघेल. म्हणून या दिवसांत मी दर आठवड्याला पेटी उघडून पाहते. राणीघरे दिसली तर जुनी राणी, पिल्लांच्या काही चौकटी आणि पुष्कळशा माश्या दुसऱ्या पेटीत हलवते. त्यांनी घर वाटण्याआधी मीच वाटून दिलेले बरे.

तरीही थवा गेलाच, तर धरता येतो. गेल्या वर्षी शेजारच्या आंब्यावर बसलेला थवा मी असाच धरला. तोंडावर जाळी घेतली, घोसाखाली टोपली धरली आणि फांदीला एक हिसका दिला. संध्याकाळी माश्या रिकाम्या पेटीत घातल्या आणि आत पिल्लांची एक चौकट ठेवली. पिल्ले दिसली की माश्यांचा पाय तेथे रुततो. दारावर राणी अडेल अशी जाळी चार दिवस लावली आणि साखरेचा पाक ठेवला. ज्या शेजारणीने फवारा आणला होता, तिनेच पुढे पाकाचे भांडे भरून दिले.

आता एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा. आग्या माशी निराळी. ती अंगाने मोठी असते, उंच फांदीला किंवा इमारतीच्या सज्जाला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, आणि चवताळली तर जिवावर बेतते. तीही कधी पोळ्यावाचून घोस करून बसते. तेव्हा माशी कोणती हे ओळखण्याच्या भरीस पडू नका. घोस दिसला की मुलांना घरात घ्या. दगड, धूर, पाणी, फवारा, काही करू नका. जाणत्या माणसाला बोलवा.

सातेरीचा थवा असेल तर बहुधा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, तो आपणहून निघून जाईल. घर शोधायला निघालेल्या आईला तेवढी उसंत आपण द्यावी, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.