रामनामाची हरकत आणि डॉट भारतचे दार



महाजालावरील प्रत्येक पत्त्याच्या शेवटी एक पद असते. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन ही त्यांतील परिचित पदे होत. असे पद कोणाला द्यावयाचे, याचा कारभार ‘आयकॅन’ ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली संस्था पाहते. २०१६ पर्यंत तिच्या या कामावर अमेरिकी सरकारशी झालेल्या कराराचे बंधन होते.

२०१२ मध्ये या संस्थेने नव्या पदांसाठी अर्ज मागविले. शुल्क होते प्रत्येकी १,८५,००० डॉलर, तरीही १,९३० अर्ज आले. अर्ज जाहीर करावयाचे, हरकती ऐकावयाच्या, अर्जदाराची आर्थिक व तांत्रिक क्षमता तपासावयाची, करार करावयाचा आणि मग त्या पदाची मूळ यादीत नोंद करावयाची, अशी ही रीत आहे.

त्या अर्जांत क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचा एक अर्ज होता : डॉट राम. कंपनीच्या लेखी ‘रॅम’ म्हणजे मेंढ्याचे चिन्ह मिरविणारी मालवाहू गाडी. तिच्या मनात अपमानाचा हेतू नव्हता. परंतु रोमन लिपीच्या तीन अक्षरांत मेंढा आणि मर्यादापुरुषोत्तम एकच होऊन बसले! भारत सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये या अर्जाविरुद्ध इशारा नोंदविला. रिलायन्सच्या ‘डॉट इंडियन्स’ या अर्जासही सरकारची हरकत होती. म्हणजे स्वकीय-परकीय असा भेद तेथे केला गेला नाही. जुलै २०१३ मध्ये डर्बन येथे आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीने या दोन्ही हरकतींची नोंद घेतली. डॉट राम हे पद आजही मूळ यादीत नाही.

मात्र हरकत दरवेळी तारतेच असे नाही. ब्राझील व पेरू यांनी आपल्या महानदीच्या नावासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. अखेर ‘डॉट ॲमेझॉन’ त्या नावाच्या कंपनीकडेच गेले. म्हणून नाव राखण्याचा खरा उपाय म्हणजे ते वापरात ठेवणे.

त्यासाठी एक दार उघडलेही आहे. देशांच्या नावांची पदे त्यांच्या स्वतःच्या लिपीत देण्याची योजना आयकॅनने २००९ मध्ये सुरू केली. तिच्यातूनच देवनागरीतील ‘डॉट भारत’ आले आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी त्याची नोंदणी खुली झाली. हा कारभार ‘निक्सी’ ही भारतीय संस्था पाहते. पुढे अन्य भारतीय लिपींतही हे पद उपलब्ध झाले.

मराठी माणसासाठी यात आणखी एक लाभ आहे. ‘भंडारा’ या नावाला विभक्ती लागताच ते ‘भंडाऱ्याचा’ होते. तेथील तो अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून चालत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अंतर, म्हणजे गुरू आणि स्वयंपाकी यांतील अंतर, तोच दाखवितो. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द पुन्हा एकच! पत्त्याच्या शेवटच्या पदासाठी देवनागरीची जी नियमावली तयार झाली, तीत या अक्षराला स्थान मिळाले आहे.

अडचणी आहेत. आतील यंत्रणा देवनागरी नावाचे रोमन संकेतांत रूपांतर करूनच काम करते, आणि अनेक अर्ज-नमुने देवनागरी पत्ता अजून स्वीकारत नाहीत. पण मागणीच नसेल तर ते नमुने दुरुस्त कोण करणार?

वैनगंगेकाठच्या या जिल्ह्यात शाळा आहेत, वाचनालये आहेत, पतसंस्था आहेत. तुमसरचा तांदूळ आहे, आंधळगावचा कोसा आहे. यांपैकी प्रत्येकाने रोमन पत्ता खुशाल ठेवावा. पण त्याच्या शेजारी देवनागरी पत्ताही नोंदवावा आणि पावतीवर, फलकावर, निमंत्रणपत्रिकेवर तो छापावा. डॉट रामसाठी सरकारने हरकत घेतली, ते सरकारचे काम होते. डॉट भारत वापरणे हे समाजाचे काम आहे. ते सरकार करू शकत नाही.