हरपलेले श्रवण परत येईल काय?



श्रवणशक्ती एकदा गेली की ती कायमची गेली, असे वैद्यकशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गेल्या काही वर्षांत मात्र ‘कानातील मृत पेशी पुन्हा वाढविता येतील’, ‘जन्मतः बहिऱ्या मुलांना ऐकू येऊ लागले’ अशा वार्ता वृत्तपत्रांतून झळकू लागल्या आहेत. त्या वाचून पालक शिक्षकांकडे येतात, सरपंचांना विचारतात, पंचायत समितीच्या कचेरीत चौकशी करतात. त्यांचा प्रश्न साधा असतो : “औषध येणार आहे म्हणतात, मग यंत्राच्या खर्चात कशाला पडावे? चार वर्षे थांबावे काय?” या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला नेमकेपणाने देता आले पाहिजे, कारण त्या उत्तरावर एखाद्या बालकाचे सारे आयुष्य अवलंबून असते.

ध्वनीची वाट

प्रथम कानाची रचना थोडक्यात पाहू. ध्वनीच्या लहरी पडद्यावर आदळतात, तेथून तीन इवल्या हाडांच्या साखळीने आत जातात आणि वाटाण्याएवढ्या, शंखासारख्या वेटोळ्या असलेल्या कॉक्लिया नावाच्या अवयवात पोहोचतात. त्यातील द्रवात तरंग उठतात. तेथे ओळीने उभ्या असलेल्या सूक्ष्म केसपेशी त्या तरंगांनी डोलतात आणि त्या डोलण्याचे विद्युत्‌संदेशात रूपांतर होते. हा संदेश श्रवणमज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात. कानात केसपेशी असतात अवघ्या पंधरा-सोळा हजार. त्यांपैकी मेंदूला मुख्यत्वे संदेश देणाऱ्या सुमारे साडेतीन हजारच, बाकीच्या ध्वनी वाढवून देणाऱ्या. ही पुंजी जन्मापूर्वीच ठरते. पुढे त्यात एकाही पेशीची भर पडत नाही. वजाबाकी मात्र होत राहते.

ही वजाबाकी करणारी कारणे अनेक आहेत : मोठा आवाज, वाढते वय, मेंदूज्वर, स्ट्रेप्टोमायसिन वा जेंटामायसिन यांसारखी काही इंजेक्शने, आणि आनुवंशिक दोष. शंखाच्या तोंडाशी असलेल्या, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी नष्ट होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने प्रथम निसटतात. वृद्ध माणसाला आवाज येतो, पण ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते. मग ‘ऐकू तर येते, मुद्दामच दुर्लक्ष करतात’ असा अन्याय्य ठपका घरचे लोक त्याच्यावर ठेवतात.

गावाच्या नळपाणी योजनेचे उदाहरण घ्या. नळाला पाणी आले नाही तर विहीर आटली, पंप बिघडला, जलवाहिनी फुटली की तोटीच अडकली, हे आधी पाहावे लागते. बहिरेपणाचेही तसेच आहे. मळ साचणे, कान फुटणे, पडद्याला छिद्र पडणे हे दोष बाहेरच्या व मधल्या कानाचे होत. त्यांवर औषधे व शस्त्रक्रिया आजच उपलब्ध आहेत. केसपेशी नष्ट होणे, पेशी व मज्जातंतू यांचा सांधा तुटणे, किंवा पेशी शाबूत असूनही एखाद्या जनुकातील दोषामुळे ती मुकी राहणे, हे आतल्या कानाचे निरनिराळे बिघाड आहेत. नव्या संशोधनाच्या वार्ता वाचताना ‘यातील कोणता बिघाड?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

पक्ष्यांना जे साधते

पुनरुत्पादनाच्या आशेला खरा आधार मिळाला तो १९८८ मध्ये. मोठ्या आवाजाने कान बिघडलेल्या कोंबडीच्या पिलांत व लावा पक्ष्यांत नव्या केसपेशी उगवतात, असे त्या वर्षी अमेरिकेतील दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवून दिले. पक्ष्यांच्या कानात केसपेशींच्या शेजारी ज्या आधारपेशी असतात, त्या गरज पडताच विभागतात किंवा रूप पालटून स्वतःच केसपेशी बनतात. मासे आणि सरडे यांनाही हे साधते. सस्तन प्राण्यांना मात्र नाही. आपल्याही कानात आधारपेशी आहेत. परंतु जन्मानंतर त्यांची ही क्षमता जणू कुलूपबंद होते.

त्या कुलपाची एक किल्ली १९९९ मध्ये हाती आली. ‘एटोह-१’ या जनुकाखेरीज केसपेशी घडतच नाहीत, हे उंदरांवरील अभ्यासाने सिद्ध झाले. २००५ मध्ये बहिऱ्या केलेल्या गिनीपिगांच्या कानात हे जनुक पोहोचविल्यावर नव्या केसपेशी दिसल्या आणि ऐकण्याची पातळीही काही अंशी सुधारली. साहजिकच जगभर मोठी आशा निर्माण झाली.

माणसावरील चाचण्या

ही आशा माणसाच्या कानात अद्याप फळाला आलेली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एटोह-१ माणसाच्या कानात पोहोचविण्याची चाचणी २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्यातून उपचार म्हणून स्वीकारण्याजोगे काही निष्पन्न झाले नाही. आधारपेशींना जागे करण्यासाठी तयार केलेल्या ‘एफएक्स-३२२’ या औषधाचा पहिल्या लहान चाचण्यांत बराच बोलबाला झाला; परंतु निष्क्रिय औषधाशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते काम थांबविण्यात आले. युरोपात झालेल्या ‘रीगेन’ या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही औषध सुरक्षित ठरले, पण मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही.

अडचण समजण्यासारखी आहे. केवळ नवी पेशी उगवून भागत नाही. ती योग्य जागी उगवली पाहिजे, योग्य प्रकारची असली पाहिजे, तिचा मज्जातंतूशी सांधा जुळला पाहिजे आणि ती टिकली पाहिजे. शिवाय कॉक्लिया कवटीच्या अत्यंत कठीण हाडात दडलेला असतो. तेथील पेशींचा तुकडा तपासणीसाठी काढता येत नाही.

मज्जातंतूच्या बाबतीत निराळा प्रयत्न चालू आहे. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये मानवी मूलपेशींपासून श्रवणमज्जापेशींच्या पूर्वपेशी तयार केल्या आणि बहिऱ्या केलेल्या जर्बिल नावाच्या लहान प्राण्यांत त्यांचे रोपण करून श्रवणाचा प्रतिसाद परत मिळविला. त्याच दिशेच्या उपचाराच्या पहिल्या मानवी चाचणीस ब्रिटनमध्ये २०२५ साली मान्यता मिळाली. हे रोपण कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेबरोबरच करावयाचे आहे. नवा उपचार यंत्राला हटविण्यासाठी नव्हे, तर त्याच्या जोडीने येत आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शांघाय येथील मुले

मग ज्या मुलांना ऐकू येऊ लागले ती वार्ता खोटी काय? मुळीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील चिकित्सकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. ‘ओटोफर्लिन’ या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या सहा मुलांच्या एका कानात निर्दोष जनुक सोडण्यात आले. त्यांपैकी पाच मुलांची श्रवणशक्ती सुधारली. हे जनुक इतके लांब की ते वाहून नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूत मावत नाही. म्हणून मोठे पत्र दोन पाकिटांत घालून धाडावे तसे ते दोन भागांत पाठविण्यात आले आणि पेशीत पोहोचल्यावर ते जोडले गेले. पुढे इतर देशांतही अशा उपचारांना यश आले.

परंतु येथे नवी पेशी उगवलेली नाही. या मुलांच्या केसपेशी शाबूत होत्या. फक्त संदेश पुढे सोडण्याचे साधन नव्हते. ते मिळताच पेशी बोलू लागली. ही दुरुस्ती आहे, पुनरुत्पादन नव्हे. आनुवंशिक बहिरेपणात ओटोफर्लिनचा वाटा थोडा आहे. आपल्या देशात अधिक आढळणारा दोष ‘जीजेबी-२’ या दुसऱ्या जनुकाचा असून त्यावरील असा उपचार अद्याप रुग्णांच्या हाती आलेला नाही. आवाजाने वा वार्धक्याने ज्यांच्या पेशीच नष्ट झाल्या, त्यांना शांघायचा उपचार लागू पडत नाही.

कर्णनाद

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात घुं घुं, शीळ किंवा रातकिड्यासारखी किरकिर ऐकू येणे, म्हणजे कर्णनाद. प्रौढांपैकी साधारण सात जणांत एकाला त्याचा अनुभव येतो. काहींची झोप व मनःस्वास्थ्य त्यापायी हरपते. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो आणि त्या वाढविलेल्या पट्टीत स्वतःचीच खळबळ त्याला आवाज म्हणून जाणवते, असे आज बहुतांश शास्त्रज्ञ मानतात. रेडिओवर केंद्र लागत नसताना आवाज वाढविला की खरखर वाढते, तसाच हा प्रकार. म्हणून कानाचे संदेश पूर्ववत झाले तर कर्णनादही ओसरेल, ही अपेक्षा निराधार नाही. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या अनेकांचा कर्णनाद कमी झालेला आहे. मात्र तो हमखास घालविणारे औषध आज नाही. श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्र आणि त्रासाकडे पाहण्याची दृष्टी बदलणारी मानसोपचारपद्धती यांनी पुष्कळांना आराम पडतो. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले, तर ती तातडीची बाब समजून लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.

थांबावे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थांबू नये, हेच त्याचे उत्तर होय. कारण ऐकण्याचे काम शेवटी मेंदूचे आहे आणि ते तो बालपणीच शिकतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला पहिल्या काही वर्षांत यंत्राद्वारे वा इम्प्लांटद्वारे ध्वनी मिळाला, तर त्याची बोली भाषा फुलते. तेच इम्प्लांट तारुण्यात बसविले, तर आवाज येतो, पण शब्दांचा उलगडा होणे फार कठीण जाते. उद्या कान पूर्ण दुरुस्त करणारे औषध निघाले, तरी ज्या मेंदूने बालपणी भाषा ऐकलीच नाही, त्याला त्याचा लाभ तोकडाच मिळणार. आजचे श्रवणयंत्र हे उद्याच्या उपचाराची वाट अडवीत नाही. ते ती वाट मोकळी ठेवते. ज्या मुलांना ध्वनीचा मार्ग साधत नाही किंवा ज्यांची कुटुंबे तो निवडीत नाहीत, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही परिपूर्ण भाषा आहे. मूल कोणत्याही भाषेविना राहणे, हीच खरी हानी होय.

दुसरा इशारा फसवणुकीचा. ‘मूलपेशींनी बहिरेपणा बरा’ अशा जाहिराती करून लाखो रुपये उकळणारे लोक या आशेच्या आडोशाने उभे राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, रक्तविकारादी ठरावीक रोगांतील मान्य रोपण वगळता, मूलपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे अनैतिक ठरते. अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे शुल्क घेतले जात नाही. पैसे मागितले की सावध व्हावे, एवढी खूण गावकऱ्यांना सांगून ठेवावी.

आपल्या हाती असलेले

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे आणि बालकांतील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळण्याजोगे आहेत. ते टाळण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

नवजात बालकाची श्रवणचाचणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत, हा क्रम आशा व अंगणवाडी सेविकांच्या तोंडपाठ असावा. वर्गात वारंवार ‘काय?’ विचारणारे, मान वळवून ऐकणारे किंवा कान वाहणारे मूल मंदबुद्धी नव्हे, याची जाणीव शिक्षकांनी ठेवावी आणि त्याला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवावे. कानात तेल वा काडी घालण्याची सवय मोडावी. आपल्याकडे मामा-भाची किंवा मामे-आते भावंडांत विवाह होतात; घराण्यात बहिरेपणा असेल तर अशा संबंधापूर्वी वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे.

आवाजाचा प्रश्न तर सर्वस्वी आपला आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असे मानले, तर दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पाऊण नव्हे, अर्धा नव्हे, अवघा पाव तास उरते. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीजवळ ही पातळी सहज ओलांडली जाते. काही तासांनी कानातील घुमणे थांबले म्हणजे हानी झाली नाही, असे समजू नये. २००९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखविले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशी व मज्जातंतू यांचे अनेक सांधे कायमचे तुटलेले असतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील बंदी पाळली जाते की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही.

श्रवणयंत्रांसाठी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना आहे; तिच्याखाली लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही मिळते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामी मार्गदर्शन करते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. यंत्राच्या बॅटऱ्या संपल्या, साचा बदलावयाचा राहिला, म्हणून पेटीत पडून असलेली यंत्रे अनेक घरांत सापडतील. त्या निधीतून ती पुन्हा कानाला लागली, तर तोही गावापुरता एक उपचारच ठरेल.

संशोधकांना त्यांचे काम करू द्यावे. ते कष्टाने आणि प्रामाणिकपणे चालले आहे व त्याला उद्या ना परवा यश येईल, असे मानण्यास आधार आहे. त्या दिवसापर्यंत गावातील कोणतेही मूल भाषेवाचून राहू नये आणि कोणाचीही एक केसपेशी निष्कारण वाया जाऊ नये, एवढे मात्र आपले काम आहे. आपापल्या शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.